काहीही चालेल, पण…

माझी धाकटी मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरच्या एका कंपनीत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीअखेर ती घरी आली होती. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मी माझ्या वहीत डोकं घालून बसलो होतो, ती तिच्या लॅपटॉपमध्ये. एकदम मान वर करून म्हणाली, ‘अब्बा, सापडलं. जेनेरिकला अट घालायची राहिली होती. सगळा घोळ त्यानं झाला.’

जेनेरिक म्हटलं की मला स्वस्त औषधांचं दुकान आठवतं. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकाशी माझा संबंध टायपिंगपुरता. पण त्या रात्री तिनं मला जे समजावून सांगितलं ते मला फार ओळखीचं वाटलं. ते मी लहानपणी वडिलांच्या दुकानात पाहिलं होतं, आणि पुढे पुण्यात खोली शोधताना त्याची उलटी बाजूही पाहिली होती. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी घोळ काय झाला ते सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एक जुनं वाचनालय आहे. त्याच्या कार्यकारिणीवर मी आहे. वाचनालयात पुस्तकं आहेत, मासिकांचे जुने अंक आहेत, आणि एका कपाटात चाळीसेक कॅसेटी आहेत. गावातली कविसंमेलनं, व्याख्यानं, बायकांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या कुणी हौसेनं ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या. या सगळ्याची यादी संगणकावर करून द्यायचं मुलीनं कबूल केलं. पैसे अर्थातच नाहीत, चहा मात्र भरपूर.

तिनं प्रथम पुस्तकांसाठी एक कप्पा तयार केला. कप्पा हा तिचाच शब्द. प्रोग्रॅममध्ये त्याला क्लास किंवा वर्ग म्हणतात. एखादी गोष्ट कशी ठेवायची आणि तिच्यावर कोणती कामं करायची, याचा तो लेखी नमुना असतो. या कप्प्यात पुस्तक ठेवता येई, काढता येई, क्रमानं लावता येई आणि यादी छापता येई. मग मासिकांसाठी तोच मजकूर उतरवून घेऊन ‘पुस्तक’ असेल तिथे ‘मासिक’ केलं. तिसऱ्यांदा ‘कॅसेट’. तीन कप्पे, आतली कामं सारखीच.

आठवड्याभरात लक्षात आलं की यादीतली शेवटची नोंद छापलीच जात नाही. तिनं पुस्तकांच्या कप्प्यातली चूक दुरुस्त केली. मासिकांच्या कप्प्यातली करायला विसरली. एकच चूक तीन ठिकाणी राहत होती, तेव्हा तिला तीन ठिकाणी जाऊन शोधावी लागणार. वहीतली कविता दुसऱ्या वहीत उतरवून घेणाऱ्याला हा त्रास ठाऊक असतो. एका वहीत शब्द बदलला की दुसरी वही खोटी पडते.

आता तुम्ही म्हणाल, सरळ एकच कप्पा करावा, त्यात काहीही ठेवावं. इथे ‘प्रकार’ म्हणजे काय हे समजून घ्यावं लागेल. संगणकाच्या लेखी प्रत्येक गोष्टीला एक प्रकार असतो. हा आकडा, हा मजकूर, ही तारीख, हे पुस्तक. प्रकारावरून कळतं की त्या गोष्टीचं काय करता येईल. आकड्यांची बेरीज होते, तारखांची होत नाही. पंधरा ऑगस्ट अधिक सव्वीस जानेवारी याचं उत्तर कुणी देऊ शकणार नाही. सी शार्प, जावा यांसारख्या भाषांत प्रोग्रॅम चालू होण्याआधी कम्पायलर नावाचा एक तपासनीस तो वाचून काढतो. जिथे प्रकार जुळत नाही तिथे बोट ठेवतो.

एकच कप्पा करायचा आणि तरी प्रकाराचं भान सोडायचं नाही, यासाठी जी सोय आहे तिचं नाव जेनेरिक. कप्पा लिहिताना प्रकाराची जागा रिकामी सोडायची. त्या जागेला नुसतं एक अक्षर देतात, बहुतेक वेळा टी, म्हणजे टाइप. कप्प्याच्या मजकुरात सगळीकडे ‘टी ठेव, टी काढ’ असं लिहायचं. मग वापरताना सांगायचं, हा पुस्तकांचा कप्पा, हा मासिकांचा, हा कॅसेटींचा. मजकूर एकच, चूक झाली तर दुरुस्ती एकाच जागी. आणि पुस्तकांच्या कप्प्यात कुणी कॅसेट घालू लागलं तर तपासनीस तिथल्या तिथे अडवणार.

हे ऐकताना मला अब्बांचं कल्हईचं दुकान डोळ्यांपुढे आलं.

हल्लीच्या मुलांना कल्हई सांगावी लागते. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. म्हणून भांड्याच्या आतून कथलाचा पातळ मुलामा देतात. अब्बा जमिनीतल्या भट्टीवर भांडं धरायचे, मी भाता ओढायचो. भांडं तापलं की नवसागर टाकायचे, पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवायची. क्षणात आतली बाजू चांदीसारखी उजळायची. पातेलं असो, परात असो, घंगाळ असो, वाटी असो. आकार कोणताही, कृती तीच. अब्बांना परातीची कल्हई वेगळी आणि तांब्याची वेगळी अशी शिकावी लागली नव्हती. माझ्या मुलीच्या भाषेत सांगायचं तर अब्बांची कृती जेनेरिक होती.

पण एक अट होती. भांडं तांब्याचं किंवा पितळेचं हवं. एखादी बाई जर्मनचं पातेलं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, घेऊन आली तर अब्बा उंबऱ्यातच सांगायचे, ‘ताई, याला कथील धरत नाही.’ भट्टीवर ठेवून मग सांगत नसत. भट्टीवर ठेवल्यानंतर ते वाकडं झालं असतं, कोळसा फुकट गेला असता आणि त्या बाईचं पातेलंही गेलं असतं.

मुलीचा घोळ नेमका इथेच झाला होता.

कप्प्यात ठेवणं आणि काढणं, यांना टी म्हणजे काय हे माहीत असण्याची गरज नाही. पेटीत काय आहे हे न पाहताही पेटी उचलून ठेवता येते. पण क्रमानं लावायचं म्हटलं की दोन वस्तू हातात घेऊन विचारावं लागतं, यातली आधीची कोणती? आणि हा प्रश्न प्रत्येक प्रकाराला विचारता येतोच असं नाही. पुस्तकं आणि मासिकं यांना आपापसांत तुलना कशी करायची हे तिनं शिकवलं होतं. कॅसेटला शिकवायचं राहून गेलं होतं.

मी विचारलं, ‘मग तुझ्या त्या तपासनिसानं अडवलं नाही?’

ती म्हणाली, ‘अडवलं होतं ना. टी म्हणजे काय हे तुम्ही सांगितलेलं नाही, मग त्याला तुलना करायला कसं सांगता, असं म्हणाला. मी घाईत होते. मी त्याला लिहून दिलं की ही वस्तू तुलना करता येण्यासारखी आहे असं धरून चाल. मग तो गप्प बसला.’

याला कास्ट म्हणतात. तपासनिसाला दिलेली ती हमी असते. हमी खरी निघाली तर ठीक. खोटी निघाली तर ती प्रोग्रॅम चालू असताना उघडी पडते.

तिनं चाचणीही घेतली होती. पण त्या वेळी कॅसेटींच्या कप्प्यात एकच नोंद होती. एकच वस्तू असेल तर तुलना कुणाशी करणार? सगळं सुरळीत चाललं. सव्वीस फेब्रुवारीच्या संध्याकाळी ग्रंथपालांनी उरलेल्या सगळ्या कॅसेटी नोंदवल्या. सत्तावीस फेब्रुवारी म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. वाचनालयात कार्यक्रम होता. परगावाहून एक वयस्कर गृहस्थ मुद्दाम आले होते. या कॅसेटींपैकी एकीत त्यांच्या आईच्या आवाजातल्या ओव्या आहेत असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आईचा फोटो त्यांच्याजवळ होता, आवाज नव्हता. ग्रंथपालांनी कौतुकानं कॅसेटींची यादी उघडायला बटण दाबलं आणि प्रोग्रॅम बंद पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. पडद्यावर एवढंच, की अमुक प्रकाराचं तमुक प्रकारात रूपांतर होत नाही. कपाटातल्या डब्यांवरची नावं कधीच पुसट झाली होती. ते गृहस्थ तासभर बसले आणि शेवटची एसटी गाठायला निघून गेले. जाताना म्हणाले, ‘असू द्या, परत येईन.’ त्यांचं वय पाहता ते ‘परत येईन’ माझ्या मुलीला फार लागलं. म्हणून ती रात्री अकरापर्यंत जागत होती.

दुरुस्ती एका ओळीची होती. वर्गाच्या अगदी माथ्यावर, जिथे टी ही रिकामी जागा जाहीर केलेली असते, तिथे सी शार्प या भाषेत ‘व्हेअर’ हा शब्द लिहून अट घालता येते. तिनं लिहिलेल्या ओळीचा मराठीत अर्थ असा: हा टीचा कप्पा आहे, जिथे टी हा स्वतःसारख्या दुसऱ्या टीशी तुलना करता येणारा असेल. त्या भाषेत या गुणाला ‘आयकम्पेअरेबल’ असं नाव आहे.

ओळ लिहिताक्षणी, प्रोग्रॅम चालवण्याच्या आधीच, ‘कॅसेटींचा कप्पा’ जिथे लिहिलं होतं तिथे लाल रेघ उमटली. तपासनीस म्हणत होता, कॅसेटला तुलना करता येत नाही, ती या कप्प्यात चालणार नाही. दुपारी लोकांसमोर झालेली चूक आता रात्री घरात, कुणाचंही नुकसान न करता समोर आली होती. तिनं कॅसेटला तुलना शिकवली: ज्या तारखेला ध्वनिमुद्रण झालं ती तारीख पाहा, जुनी आधी. दहा मिनिटांचं काम. आणि तपासनिसाला दिलेली ती खोटी हमी तिनं खोडून टाकली. आता तिची गरजच उरली नव्हती.

अट म्हटलं की आपल्याला वाटतं, कुणाला तरी बाहेर ठेवायचं आहे. पण इथे उलटंच झालं. अट नव्हती तेव्हा कप्पा टीला काहीच विचारू शकत नव्हता, कारण टी कुणीही असू शकत होता. अट घातल्यावर त्याला हक्कानं तुलना करता येऊ लागली. येणाऱ्याकडून एका गोष्टीची खात्री मिळाली, म्हणून त्याच्यासाठी एक काम करता आलं.

आणि ही अट दोन्ही बाजूंनी बांधते. वापरणारा तिच्यात न बसणारा प्रकार आणू शकत नाही. वर्ग लिहिणाराही अटीत जेवढं मागितलं तेवढंच टीकडून करून घेऊ शकतो. तुलना मागितली असेल तर तुलनाच. मध्येच ‘आता तुझी पानं मोज’ असं म्हणता येत नाही. कॅसेटला पानं कुठून असणार? तपासनीस लेखकालाही तिथेच थांबवतो. आम्हा गझल लिहिणाऱ्यांना हे चटकन कळेल. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, काफिया आणि रदीफ जाहीर होतात. त्यानंतर विषय कोणताही घ्या, प्रेम घ्या नाहीतर पाणीटंचाई, पण प्रत्येक शेरात ते यमक सांभाळावं लागतं. अट आम्हीच घातलेली असते आणि तिचा पहिला कैदीही आम्हीच.

ही युक्ती कालची नाही. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९७० च्या दशकात बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लू नावाची भाषा तयार केली. तिच्यात वर्गासारख्या रचनेला प्रकाराची रिकामी जागा ठेवता येई, आणि त्या प्रकाराला कोणती कामं आली पाहिजेत ते ‘व्हेअर’ याच शब्दानं सांगता येई. लिस्कोव्हबाईंना पुढे २००८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. संगणकशास्त्रातला हा सर्वोच्च मान समजला जातो. १९८३ च्या एडा या भाषेतही जेनेरिक होतं आणि रिकाम्या जागेकडून काय हवं ते आधी लिहावं लागे.

पण रोजच्या वापरातल्या भाषांपर्यंत ही गोष्ट पोचायला वेळ लागला. जावा १९९५ मध्ये जाहीर झाली तेव्हा तिच्यात जेनेरिक नव्हतं. तिच्या यादीत काहीही ठेवता येई आणि बाहेर काढताना ‘हे पुस्तकच आहे’ अशी हमी लिहून द्यावी लागे. हमी चुकली की प्रोग्रॅम चालता चालता पडे. माझ्या मुलीनं घाईत जे एकदा केलं, ते तिच्या आधीच्या पिढीला रोज करावं लागत होतं. २००४ च्या सप्टेंबरात आलेल्या जावाच्या पाचव्या आवृत्तीत जेनेरिक आलं, अटींसह. सी शार्पमध्ये ते २००५ साली आलं. इंग्लंडमधल्या केंब्रिज इथल्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रातले डॉन साइम आणि अँड्र्यू केनेडी यांनी त्याची आखणी आधीच करून ठेवली होती.

सी प्लस प्लस या भाषेची कहाणी वेगळी. तिच्यात टेम्प्लेट नावानं ही रिकामी जागा पुष्कळ आधीपासून होती, पण माथ्यावर अट लिहायची सोय नव्हती. न चालणारा प्रकार दिला तर चूक प्रोग्रॅम चालण्याआधी पकडली जाई हे खरं, पण तपासनीस बोट ठेवायचा ते वर्गाच्या पोटातल्या एखाद्या ओळीवर, आणि चुकीचा संदेश पानंच्या पानं लांबायचा. जर्मनचं पातेलं आणलं तर ‘पातेलं चालणार नाही’ असं न म्हणता ‘भात्याच्या नळीजवळ तिसऱ्या कोळशापाशी काहीतरी बिघडलं आहे’ असं सांगितल्यासारखं. अटी लिहिण्याची सोय तिच्या नव्या मसुद्यात घेतली गेली होती, पण २००९ साली ती काढून टाकली. अखेर वेगळ्या रूपात ती २०२० च्या आवृत्तीत आली. गो ही गुगलची भाषा २००९ मध्ये लोकांपुढे आली, तिच्यात जेनेरिक आलं मार्च २०२२ मध्ये. तिथे रिकाम्या जागेपुढे अट लिहावीच लागते. काहीही चालत असेल तर तसं लिहायचं, ‘एनी’. ‘काहीही चालेल’ हेसुद्धा विचार करून सांगायचं, हे मला आवडलं.

आता अटीचा दुसरा धोका. ती कमी पडली तर काय होतं ते आपण पाहिलं. ती जास्त झाली तर?

मुलीनं सांगितलं की त्या रात्री तिच्या मनात पहिली आली ती अट वेगळीच होती: टी हा पुस्तकाच्या कुळातलाच हवा. अशीही अट घालता येते. गुणाऐवजी घराणं विचारायचं. पुस्तकांना तुलना येते हे ठाऊकच होतं, तेव्हा प्रश्न मिटला असता. पण मग कॅसेटचं काय? तिला कप्प्यात यायचं तर आधी पुस्तकाच्या कुळात नाव लावावं लागलं असतं. म्हणजे कॅसेटला प्रकाशक, कॅसेटला पानं शून्य. तपासनीस खूश, पण सगळी नोंद खोटी. क्रम लावायला पुस्तक असणं मुळात लागतच नव्हतं. तुलना करता येणं एवढंच लागत होतं.

हे ऐकलं आणि मला १९९४ साल आठवलं. नोकरीसाठी मी पुण्याला गेलो होतो. खोली शोधत होतो. एका घरी मालकांशी फोनवर छान बोलणं झालं. माझं मराठी ऐकून त्यांनी विचारलंसुद्धा, ‘तुम्ही लिहिता का हो काही?’ भाडं ठरलं, अनामत ठरली, संध्याकाळी किल्ली घ्यायला या म्हणाले. संध्याकाळी दारात उभा राहिलो आणि त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘अहो, खोली दुपारीच दुसऱ्याला देऊन टाकली.’ पाटी त्यानंतर महिनाभर तशीच लटकत होती. मी त्या रस्त्यानं रोज जायचो, म्हणून मला माहीत.

भाडेकरूकडून घरमालकाला काय हवं? भाडं वेळेवर द्यावं, घर नीट ठेवावं, शेजाऱ्यांना त्रास देऊ नये. एवढी अट घालण्याचा त्यांना पुरा हक्क होता आणि मी त्यात बसत होतो. त्यांनी अट घातली ती मात्र कुळाची. मला राग आला होता, पण त्या रागाला नीट शब्द सापडले नव्हते. तीस वर्षांनी मुलीच्या प्रोग्रॅमनं ते दिले. अट कामासाठी असावी. काम ज्या गोष्टीवर अवलंबून आहे तेवढं विचारावं, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. अब्बा ‘धातू कोणता’ एवढंच विचारायचे. भांडं कुठल्या आळीतलं, कुणाच्या चुलीवरचं, हे त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. कथलाला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं.

कुळाची अट नेहमीच चूक, असं मात्र मुलगी म्हणत नाही. कधी कधी कामालाच पुस्तक लागतं, पानं मोजायची असतात. मग पुस्तकच मागावं. प्रश्न एवढाच की काम खरोखर काय मागतं. आणि कधी नेमकी अट लिहायला भाषेत शब्दच नसतात. सी शार्पमध्ये ‘टी हा बेरीज होणारा आकडा हवा’ अशी साधी अट २००५ पासून घालता येत नव्हती. लोक तीच बेरीज पूर्णांकांसाठी एकदा आणि अपूर्णांकांसाठी पुन्हा अशी लिहीत राहिले. ती सोय पूर्णपणे आली नोव्हेंबर २०२२ मध्ये. सतरा वर्षं एका अटीची वाट पाहिली.

आणखी एक बारकावा. सी शार्प आणि जावा या भाषांत गुण अंगी असून भागत नाही. ‘मला तुलना येते’ असं त्या प्रकारानं लेखी जाहीर करावं लागतं. कॅसेटला तुलना शिकवली पण तसं जाहीर केलं नाही, तर ती उंबऱ्यातच अडते. गो भाषेत एखादं काम येतं का एवढंच पाहतात, जाहीर केलं नसलं तरी चालतं. मला आधी गोची रीत जास्त उदार वाटली. मुलगी म्हणाली, ‘अब्बा, नावं फसवी असतात. दाराला उघडणं असतं आणि सभेलाही उघडणं असतं. शब्द एक, काम वेगळं. लेखी जाहीर केलं की निदान हेतू कळतो.’ दोन्ही रीती टिकून आहेत, त्या अर्थी दोन्हींत काही तथ्य असणार.

शेवटची गोष्ट, म्हणजे या अटीनं सगळं सुटतं असं समजू नये. तपासनीस फक्त एवढं पाहतो की तुलना करायची सोय आहे. ती तुलना खरी आहे का, हे तो पाहत नाही. ‘अ’ हा ‘ब’च्या आधी आणि ‘ब’ हा ‘क’च्या आधी, तर ‘अ’ हा ‘क’च्या आधी असलाच पाहिजे. पण एखाद्यानं ‘मीच सगळ्यांच्या आधी’ असं उत्तर देणारी कॅसेट लिहिली तरी ती उंबरा ओलांडते, आणि मग यादी वेडीवाकडी लागते. तिथे माणसालाच तपासावं लागतं. अब्बाही पितळी रंगाला भुलत नसत. शंका आली की कानशीनं बुडाला एक बारीक ओरखडा काढून आतला धातू पाहायचे. नियम उंबऱ्यावर, पण डोळे दुकानात सगळीकडे.

अब्बांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. भट्टी विझली ती त्यांच्याही आधी, घरोघरी स्टील आलं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं वाचनालयात जाऊन दुरुस्त केलेला प्रोग्रॅम बसवला. कॅसेटींची यादी तारखेनुसार उघडली. ओव्यांची कॅसेट सातव्या क्रमांकावर होती. ग्रंथपालांनी त्या गृहस्थांना फोन केला. ते ‘परत येईन’ म्हणाले होते, पण मुलीनं त्यांना यायला लावलं नाही. कॅसेटवरचा आवाज मोबाइलवर उतरवून घेऊन त्यांच्या नातवाच्या फोनवर पाठवला. संध्याकाळी त्यांचा उलट फोन आला. बराच वेळ पलीकडून कुणी बोललं नाही. मागे ओवी चालू होती, ती तेवढी ऐकू येत होती.